इथं कोणी मामा नाही

माझ्या वडिलांना गप्प बसवणारी माणसं मी दोनच पाहिली. एक माझी आई आणि दुसऱ्या उषाताई उमरीकर. आईला त्यासाठी उभा संसार खर्ची घालावा लागला. उषाताईंनी ते पहिल्याच भेटीत करून दाखवलं.

आम्ही पुण्याहून हैदराबादला आलो त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. नवऱ्याची नोकरी हायटेक सिटीत, पण घर घेतलं विद्यानगरला. तिथे आसपास मराठी माणसं आहेत, एवढंच त्यामागचं कारण. आमचा अर्णव मराठी बोलायचा, पण मराठी वाचायला दिलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. निदान चार पोरांत मराठी कानावर पडेल, म्हणून त्याला काचीगुड्याकडे जाणाऱ्या एका गल्लीतल्या मराठी क्रीडा मंडळात घातलं. मंडळ म्हणजे एक मैदान, कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये तेल पिऊन काळाभोर झालेला मल्लखांब, आणि मागे सामानाची कोठी. बाबा दिवाळीला आले होते. संध्याकाळी फिरत फिरत नातवाला आणायला गेले. सेवानिवृत्त मुख्याध्यापक. शाळेच्या फाटकावर त्यांनीच जन्मभर लोकांना अडवलेलं. इथे फाटकावर खुर्ची टाकून एक ठेंगणी बाई बसली होती. नऊवारी वाटावी इतकी घट्ट नेसलेली पाचवारी, पायात पोरांसारखे खेळाचे बूट आणि गळ्यात शिट्टी.

"अर्णवचा आजोबा मी," बाबा म्हणाले.

"असाल की हो. मी कुठं नाही म्हणायले? पण मला कोणी सांगितलेलं नाही."

"अहो, तो बघा, मला आजोबा म्हणून हाक मारतोय!"

"हौ, ऐकायले ना मी. पोरं काय, कुणालाही आजोबा म्हणतात. बसा. चहा घ्या. बिस्कीट घ्या. पोरगं नाही मिळायचं."

मी धावतपळत पोचले तेव्हा बाबा बाकावर बसून उस्मानिया बिस्कीट चहात बुडवत होते आणि त्या बिस्किटानेच ओळख विचारल्यासारखे त्याच्याकडे बघत होते. अर्णव खांबाला लटकून हसत होता. मी उषाताईंना सांगितलं, हे माझे वडील. त्या ताडकन उठल्या, बाबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आता सांगितलं ना. आता न्या." परतीच्या वाटेवर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाईला माझ्या शाळेत घेतलं असतं." ही त्यांनी आयुष्यात कोणाचीही केलेली सगळ्यात मोठी स्तुती.

मी मात्र त्या दिवशी चिडले होते. घरी येऊन मी त्यांचं नाव 'चेकपोस्ट' ठेवलं. ते पालकांच्या ग्रुपवर इतकं चाललं की पुढे कोणी उषाताई म्हणेनासंच झालं. 'चेकपोस्टने आज कोणाला पकडलं?' असं आम्ही रोज विचारायचो आणि हसायचो. त्या नावाची मला आज लाज वाटते.

उषाताई आबिड्सला टपाल खात्यात नोकरीला होत्या. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर मंडळ हेच घर. मैदानावर यायची वेळ झाली की पोरांच्या आधी त्या हजर. शेवटचं पोर गेल्याशिवाय त्या उठत नसत. शेवटचं पोर आणि शेवटचा शिक्षक, दोघंच मैदानावर राहिले असं एकदाही होऊ दिलं नाही. कुणाची आई बसमध्ये अडकली तर त्या शिक्षकाला घरी पाठवायच्या नाहीत आणि स्वतःही जायच्या नाहीत. "मला कोण ओळखतं? मी पण एकटी नको," म्हणायच्या. म्हणजे त्या स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवत नसत. याचं आम्हाला तेव्हा फार हसू यायचं.

त्यांचा सगळ्यात विचित्र नियम नात्यांचा होता. आपल्याकडे मूल कोणाला नावाने हाक मारतं? समोरच्याच्या केसांचा रंग बघून काका, मामा, आजोबा ठरतं. त्यात हैदराबादची मराठी माणसं म्हणजे नात्यांना भुकेलेली. कोणाचा सख्खा भाऊ नांदेडला, कोणाची बहीण पुण्याला. मग जो समोर दिसेल त्यालाच नातं चिकटवून टाकायचं. उषाताईंच्या मैदानावर याला बंदी होती. शिक्षकाला सर म्हणायचं, त्यांना बाई म्हणायचं. नवीन पोर आलं की त्या त्याला खाली बसून, डोळ्याला डोळा लावून सांगायच्या, "हे बघ बाळा. इथं कोणी मामा नाही, कोणी काका नाही. इथं शिकवणारे आहेत आणि शिकणारे आहेत. कळलं?"

एकदा एक मोठे देणगीदार आले. त्यांना पोरांशी लाडीगोडी करायची हौस. एका मुलीचा गालगुच्चा घेऊन म्हणाले, "मला ओळखलंस का? मी सगळ्यांचा काका!" उषाताई मधे येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही सगळ्यांचे साहेब. आणि गालाला हात लावायच्या आधी तिला विचारलं का?" देणगीदार हसले, पण पुढच्या वर्षी आले नाहीत. अध्यक्ष बोधनकर कपाळाला हात लावून बसले. सज्जन माणूस, दवाखान्याचं सामान विकायचा धंदा. भांडण दिसलं की त्यांचं पोट बिघडायचं. मला म्हणाले, "वहिनी, ही बाई मंडळाला परेशान करून सोडेल एक दिवस." मी तेव्हा समितीत होते. पुण्याची बाई समितीत असली की सभेचे वृत्तांत शुद्ध लिहिले जातात, असा त्यांचा गोड गैरसमज होता.

हात लावण्याच्या नियमाची तर कथाच झाली. खो-खो शिकवायला नरेश नावाचा तेलुगू मुलगा होता. गुणी पोरगा. मल्लखांबावर नाहीतर खो-खोत पोराला आधार द्यायचा तर हात लावावाच लागतो. उषाताईंनी त्याला शिकवलं, आधी बोलायचं, "कमरेला धरतो, चालेल?" पोर हो म्हणालं की मगच धरायचं. नरेश पहिल्यांदा लाजला, मग इतका सरावला की चहावाल्याकडून ग्लास घेतानाही 'चालेल?' विचारायचा. पोरांनीही ते उचललं. आणि मग सिकंदराबादला स्पर्धेत आमचा सगळ्यात छोटा गडी, पळत पळत विरुद्ध संघाच्या मुलाच्या अगदी पाठीशी पोचला. सगळे ओरडत होते, "मार! मार!" हा थांबला आणि विचारलं, "हात लावू का?" तो मुलगा "नक्को!" म्हणाला आणि निसटला. आम्ही सामना हरलो. नरेश डोकं धरून बसला. "मॅडम, ऐसा विचारत बसले तर टीम कैसा जिंकणार?" उषाताईंनी मात्र त्या पोराला जवळ बोलावलं, शाबास म्हणाल्या, आणि मग अर्धा तास त्याला समजावून सांगितलं की खेळात गडी बाद करणं वेगळं. त्याला कितपत समजलं कोण जाणे. पण विचारल्याबद्दल शाबासकी मिळाली, हे त्याला पक्कं समजलं असणार.

त्या कधीही पोराला 'खोटं बोलू नको' म्हणत नसत. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. भांडण असो, चोरी असो, 'नरेश सर चुकीचे आकडे मोजतात' अशी तक्रार असो, त्या आधी पूर्ण ऐकून घ्यायच्या. एखादं पोर म्हणालं, आज मला खेळायचं नाही, तर त्याला कारण विचारायच्या नाहीत. शेजारी बसवून घ्यायच्या. "सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर बिस्कीट खा." बहुतेक पोरांचं कारण बिस्कीटच असायचं, हा भाग वेगळा.

आणि कोठीचं दार. मी मंडळात यायच्या आधी त्यांनी सुतार आणून कोठीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं होतं. वाळवी लागली म्हणून सांगितलं. वाळवी गेली, पावसाळे गेले, दार काही परत आलं नाही. मांजर आत व्यायची, दोर चोरीला जायचे, मल्लखांबाला लावायच्या एरंडेलाचा डबा सांडायचा. बोधनकरांनी दर सभेत दाराचा विषय काढायचा आणि उषाताईंनी "बघू की" म्हणायचं, असा रिवाज पडला होता.

जुनी माणसं सांगायची, उषा अशी नव्हती. ती तर सगळ्यांची मावशी होती. संक्रांतीला मंडळात तिळगूळ वाटायचा कार्यक्रम असे. नवीन आलेल्या घरातल्या मुलांना ओळीने बसवून उषामावशी त्यांना नाती वाटायची. मुलाच्या हातावर तिळगूळ ठेवायची, मंडळातल्या एकेका मोठ्या माणसाजवळ न्यायची आणि म्हणायची, "ही तुझी आत्या. हे तुझे काका. आता तू परक्या गावात नाहीस." लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं म्हणे. कितीतरी घरांना त्या दिवशी हैदराबादेत नातेवाईक मिळाले. मग मधेच एका वर्षी हे अचानक बंद झालं. तिळगूळ राहिला, नाती गेली. उषामावशीला 'मावशी' म्हटलेलं चालेनासं झालं. वय झालं, तऱ्हेवाईक झाली, असं लोकांनी ठरवून टाकलं आणि विषय मिटला.

आणखी एक गोष्ट लोकांना खटकायची. वसंतमामांकडे ती जात नाही. वसंतमामा म्हणजे मंडळाचे जुने मल्लखांब शिक्षक. अर्ध्या काचीगुड्याचे मामा. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. समितीची माणसं दिवाळीला फराळ घेऊन त्यांच्या घरी जात, मीही गेले. त्यांची पत्नी, सगळ्यांच्या मामी, आम्हाला चहा द्यायच्या. उषाताई मात्र कधी आल्या नाहीत. "इतकी वर्षं एकत्र काम केलं आणि साधं बघायलासुद्धा नाही," असं मामींसमोरच कोणीतरी म्हणालं होतं. मामी रिकाम्या कपबश्या उचलून आत गेल्या.

मामा गेले. स्मशानात गर्दी लोटली होती. पंधरवड्याच्या आत बोधनकरांनी ठराव मांडायचं ठरवलं. पत्र्याच्या शेडच्या जागी मल्लखांबासाठी पक्कं सभागृह बांधायचं आणि त्याला मामांचं नाव द्यायचं. येत्या रविवारच्या वार्षिक सभेत तसबिरीला हार घालून ठराव करायचा. मी ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उषाताईंनी मला बाकावर बसवलं. पोरं खेळत होती. त्यांची नजर पोरांवरच होती, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

"तुम्ही शिकलेल्या आहात. मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "एक पोरगी होती. नऊ-दहा वर्षांची असंल. बापाची बदली झाली म्हणून आलते हैदराबादला. संक्रांतीला मीच तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि वसंताजवळ नेली. म्हणलं, हा तुझा मामा. मामाचं ऐकायचं, मामाला नाही म्हणायचं नाही. असंच म्हणायची मी सगळ्यांना. गंमत म्हणून."

मला कळायला लागलं होतं आणि कळू नये असं वाटत होतं.

"थोड्या महिन्यांनी ती माझ्याकडं आली. म्हणली, मावशी, मामा मला कोठीत बोलावतात. मला तिथं जायचं नाही. एवढंच म्हणली. आणखी काय म्हणणार हो ते लेकरू? तिच्याकडं शब्द कुठले? मी काय म्हणलं माहीत आहे? म्हणलं, मामाबद्दल असं बोलतात का? तेल आणायला बोलावलं असंल. खोटं बोलू नको. आणि तिचा हात धरून मी..." समोर एक पोर पडलं, उठलं, परत पळालं. ते नीट पळतंय असं बघून मग त्या म्हणाल्या, "मी तिला कोठीच्या दारात नेऊन सोडलं. मामाला म्हणलं, घे तुझी भाची."

नंतर ती मुलगी येईनाशी झाली. उषाताईंनी तेव्हा विचारही केला नाही. पोरं येतात, जातात. खूप वर्षांनी एका लग्नात ती भेटली. मोठी झालेली, चांगल्या नोकरीत. उषाताईंनी कौतुकाने तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "अगं, मामा आलेत, भेटलीस का?" त्या मुलीने हात सोडवून घेतले. अगदी हळू म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"बस. एवढंच. जेवायला पण थांबली नाही ती."

त्यांनी तिला गाठलं, फोन केले. तिचं म्हणणं एकच, आईला माहीत नाही, कोणाला सांगू नका. त्या लग्नानंतर काही महिन्यांतच वसंतमामांना अर्धांगवायू झाला. "आणि खरं सांगू?" उषाताई म्हणाल्या, "तो पडला हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणलं, चला, आता कुणाला काही करू शकत नाही. आता मला काही बोलावं लागणार नाही. माझं मी दार काढलं, नियम केले आणि गप्प बसले. लोक हसले, हसू दिलं. मला वाटलं, फिटलं."

मग त्यांनी विचारलं, "आता तुम्ही नव्या सभागृहाला त्याचं नाव देणार. मी काल त्या पोरीला फोन केला. ती म्हणली, माझं नाव नको, बाकी तुमचं तुम्ही बघा. मी सभेत बोलू का नको?"

मी जे उत्तर दिलं ते माझ्या मनातून जात नाही. मी म्हणाले, "ठरावाला विरोध करा, पण कारण सांगू नका. माणूस गेलाय. मामी समोर बसणार. पुरावा नाही. सभागृहाला नुसतं मंडळाचं नाव द्या म्हणा, मी पाठिंबा देते." मला ते फार समजूतदार वाटलं होतं.

उषाताई पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "कारण न सांगता तर इतकी वर्षं काढली ना हो," त्या म्हणाल्या. रागाने नाही. मग उठून फाटकाकडे गेल्या, कारण पालक यायला लागले होते.

रविवारी सभेला कधी नव्हे एवढी गर्दी झाली. समोर टेबलावर मामांची तसबीर, तिला शेवंतीचा हार. पहिल्या रांगेत मामी. बोधनकरांनी मामांच्या आठवणी सांगितल्या. ठराव वाचला. कोणाला काही बोलायचं आहे का, असं नेहमीप्रमाणे विचारलं आणि नेहमीप्रमाणे उत्तराची वाट न बघता पुढे जाणार, तेवढ्यात उषाताई उभ्या राहिल्या.

त्या दहा वाक्यंसुद्धा बोलल्या नसतील. मला बाकावर सांगितलं तेच सांगितलं. मुलीचं नाव घेतलं नाही, साल सांगितलं नाही, ती आता कुठे असते ते सांगितलं नाही. मामांवर एकही विशेषण वापरलं नाही. सगळं स्वतःवर घेतलं. नातं मी लावून दिलं. नाही म्हणू नको, हे मी शिकवलं. तिने सांगितलं तेव्हा तिला खोटं मी ठरवलं. हात धरून परत मी नेलं. शेवटी म्हणाल्या, "त्याचं काय करायचं ते देव बघंल. माझा गुन्हा मी सांगितला. सभागृहाला त्याचं नाव देऊ नका. तिला परत एकदा खोटं पाडू नका."

सभा सुन्न झाली आणि मग एकदम फुटली. कोणी म्हणालं, मेलेल्या माणसावर चिखल उडवता? कोणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलंय, आम्ही कधीपासून म्हणतोय. मुलीला समोर आणा, अशी एक जण आरोळी ठोकत होता. बोधनकर "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत टेबल वाजवत होते. मी वृत्तांताचे कागद हातात घेऊन बसले होते. पाठिंबा देते म्हणाले होते ना? मी उठले नाही. उषाताई उभ्याच होत्या, कोणी बसा म्हणेना. मग मामी उठल्या. त्यांनी टेबलावरची तसबीर उचलली, हार काढून टेबलावर ठेवला, तसबीर पदराखाली घेतली आणि कोणाकडेही न बघता निघून गेल्या. अपमानाने गेल्या की आणखी कशाने, हे कोणालाच विचारायचं धैर्य झालं नाही. ठराव पुढे ढकलला.

त्या दिवशी ग्रुपवर काय काय चाललं ते लिहीत नाही. 'चेकपोस्ट' हे माझंच नाव पुन्हा पुन्हा माझ्याच फोनवर येत होतं. बोधनकरांनी मला फोन करून सांगितलं, "वहिनी, उषाताईंना जरा समजावून सांगा. काही दिवस विश्रांती घ्या म्हणावं. आपण बदली माणूस बघू." हे काम त्यांनी माझ्याकडे दिलं कारण त्यांना ते जमणार नव्हतं. मलाही जमणार नव्हतं, पण मी हो म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी मी गेले. मैदान अर्धं रिकामं होतं. बऱ्याच पालकांनी पोरांना पाठवलं नव्हतं. नरेश चार-सहा पोरांना घेऊन कसंबसं पळवत होता. फाटकाला लागूनची खुर्ची रिकामी होती. माझ्या आधीच बोधनकरांचा निरोप कोणीतरी उषाताईंना पोचवला होता. मंडळात येऊ नका म्हटल्यावर त्या मंडळात आल्या नव्हत्या. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, चहावाल्याच्या लाकडी बाकावर बसल्या होत्या. तिथून आतलं मैदान दिसत होतं. माझ्याकडे बघून मान हलवली, जागा करून दिली. मला काय सांगायचं होतं ते त्यांना माहीत होतं. ते त्यांनी मला सांगू दिलं नाही.

थोड्या वेळाने एक माणूस दुचाकी लावून आला. चाळिशीच्या आसपासचा, दाढीत पांढरे केस, अंगावर बँकेतले असतात तसे कपडे. हेल्मेट काढून हातात धरलं आणि तसाच उभा राहिला. मी ओळखलं नाही. उषाताईंनी ओळखलं असावं, कारण त्यांनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मावशी," तो म्हणाला. "तुम्ही सभेत म्हणलात, एक मुलगी होती."

"हौ."

"एक मुलगी नव्हती नुसती." त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "मी तुम्हाला सांगायला आलो होतो तेव्हा. तुम्ही तिळगूळ वाटत होता, खूप लोक होते. मी परत गेलो."

उषाताई सरकल्या, आणखी सरकल्या, पार बाकाच्या कडेला गेल्या, आणि मधल्या जागेवर हात ठेवला. तो बसला. "सांग," त्या म्हणाल्या. "सगळं सांग. मी ऐकायले."

मी उठून जरा लांब जाऊन उभी राहिले. ते माझ्यासाठी नव्हतं. तेव्हा मला रस्त्याच्या पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीशी एक बाई दिसली. साधारण माझ्याच वयाची, खांद्याला पर्स, मंडळाच्या फाटकासमोर उभी होती. मुलाला न्यायला आलेली नव्हती, कारण तिची नजर मैदानावर नव्हती. ती बाकाकडे बघत होती. तिच्यापासून थोड्या अंतरावर एक म्हातारं जोडपं, कोणाचे तरी आईबाप असावेत, रिक्षातून उतरलं आणि तेही तिथेच थांबलं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आपापली पाळी यायची वाट बघत असल्यासारखे सगळे उभे होते.

बाकावर जागा तिघांचीच होती. मी मंडळात गेले आणि आणखी खुर्च्या घेऊन आले.